वारूळवाडीची अमेरिका आणि महाळुंग्याचं इंग्लंड

नारायणगावच्या बाजारात तुम्ही 'गेणू फुलसुंदर कुठे राहतात?' असं विचारलंत, तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. पण 'अमेरिका कुठे राहते?' असं विचारलंत, तर शेपूच्या जुड्या बांधत बसलेली भागूबाई हातातली जुडी न सोडता नुसत्या हनुवटीने वारूळवाडीचा रस्ता दाखवील. वर सांगेल, "पण आता कार्यक्रम करीत न्हाईत ते. बंद केलाय."

का बंद केला, ते ती सांगणार नाही. हसणाऱ्यांत तीही होती.

गेणू म्हणजे सव्वापाच फूट माणूस आणि सात फूट आवाज. वय सदुसष्ट. उभा जन्म त्याने ट्रॅक्स जीपच्या स्टिअरिंगमागे काढला. शेती होती, पण ती भावाकडे. गेणूचं म्हणणं असं की कांद्याशी किती बोलणार? कांदा उलट उत्तर देत नाही. खोडदला आकाशाचं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड थाळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर काम करायला देशोदेशींचे शास्त्रज्ञ येऊ लागले, तेव्हा त्यांना पुण्याहून आणायला-सोडायला गेणूची जीप लागली. त्यानंतर पंचवीसेक वर्षं गेणूने विद्वान वाहिले. टोमॅटोचा व्यापारी जसा क्रेटवर नुसता हात फिरवून माल सांगतो, तसा गेणू जीपचं दार उघडायच्या पद्धतीवरून माणसाचा देश सांगायचा.

"अमेरिकेचा माणूस पुढं बसतो," तो सांगायचा. "बसल्या बसल्या आपलं नाव इचारतो. राजगुरुनगर येईस्तवर बायकोचं, पोरांचं, कुत्र्याचं नाव सांगून झालेलं असतंय. फोटो बी दाखवतो. मंचरला आला की आपलं नाव इसरतो अन् परत इचारतो. विंग्लंडचा माणूस मागं बसतो. नाव इचारीत न्हाई. पुण्यापासून खोडदपातूर दोनदा सॉरी म्हणतो, ते बी खड्ड्यात गाडी आपटली की. आता खड्डा काय त्यानं खांदला व्हता? पण चार महिन्यांनी विलायतेवरून कार्ड येतं, त्याच्यावर 'गेणू फुलसुंदर' बरोब्बर लिव्हलेलं असतंय. आमच्या ग्रामपंचायतीला अजून जमलं न्हाई ते."

यातल्या काही पाहुण्यांचा मुक्काम वारूळवाडीतल्या एका बंगल्यात असे. तिथे स्वयंपाकाला सोमनाथ भालेराव होता. हा आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. रोज सकाळी लूनावरून यायचा, संध्याकाळी जायचा. गेणू जेवढा बोलायचा तेवढा सोमनाथ बोलायचा नाही. पण एकदा बोलला की गेणूला पाच मिनिटं नवं वाक्य सुचत नसे. गेणूने जीपमधून जो देश बघितला, तोच सोमनाथने ताटातून बघितला होता.

"अमेरिकन माणसाला भाजी तिखट लागली की तो 'वॉव' म्हणतो आणि ताट बाजूला सारतो," सोमनाथ म्हणायचा. "इंग्रजाला लागली की तो 'व्हेरी नाइस' म्हणतो, रडत रडत सगळी संपवतो आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून माझीच माफी मागतो."

या दोघांपैकी परदेशात कोणीच गेलं नव्हतं. गेणू एकदा अलिबागला जाऊन आला होता. सोमनाथ दर वर्षी चैत्यभूमीला जायचा. समुद्र दोघांनीही काठावरून बघितलेला. तरी पलीकडे कोण कसं राहतं यावरून बंगल्याच्या पायरीवर दुपारी दोघांची जी जुंपायची, ती ऐकायला शेजारच्या द्राक्षबागेतल्या बाया डबा घेऊन कुंपणाशी येऊन बसायच्या.

पुढे पाहुण्यांची सोय दुसरीकडे झाली, बंगल्याला कुलूप लागलं, आणि दोघंही बेकार झाले. कुलूप लागल्यावरही ते महिनाभर पायरीवर येऊन बसत होते, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

त्यांना स्टेजवर चढवलं दादाभाऊंनी. दादाभाऊ म्हणजे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. स्वतः ऐंशीचे आणि बाकी सगळ्यांना पोरं समजणारे. संघाच्या वार्षिक दिनाला भावगीतांचा गायक आला नाही. म्हणजे आळेफाट्यापर्यंत आला, आणि तिथून दुसरीकडे गेला. हॉलमध्ये दीडशे म्हातारी माणसं, चहा संपलेला. दादाभाऊंनी स्टेजवर दोन खुर्च्या आणि एक टेबल ठेवलं आणि या दोघांना म्हणाले, "तुमचं ते रोजचं भांडण करा अर्धा तास. तोवर मी भजी मागवतो."

भजी आली तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. गार झाल्यावर खाल्ली लोकांनी.

तिथून हा 'टॉक शो' सुरू झाला. नाव गेणूने टीव्हीवरून उचललं. गेणू अमेरिका: फुलाफुलांचा शर्ट, काळा गॉगल, पाय टेबलावर. सोमनाथ इंग्लंड: निळा कोट, टाय, हातात कपबशी. तो कोट सोमनाथने चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी मंचरच्या टेलरकडून मापाने शिवून घेतला होता आणि तो कोट अंगात असला की सोमनाथ बसलेल्या खुर्चीलाही बरं वाटत असेल असं वाटायचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी गेणू 'राम राम मंडळी' म्हणायचा, सोमनाथ 'जय भीम' म्हणायचा, आणि मग दोघं आपापल्या देशांना निघून जायचे.

"तुमाला हे गोरे लोक लांबचे वाटत्यात," गेणू सुरुवात करायचा. "आरं, आमचा जुन्नर तालुका अन् शेजारचा आंबेगाव बघा. भाकर एक, भाषा एक, पाव्हणे-रावळे एक. तरी आंबेगावचा माणूस आमच्याकडं लग्नाला आला की परत जाताना म्हणतोच, जुन्नरवाले लई बोलतात बुवा. अन् आमी म्हणतो, ही माणसं जेवली का उपाशी गेली, काय कळंना. मग? आमी अमेरिका. ह्यो आंबेगावचा सोमनाथ, ह्यो विंग्लंड. एवढंच हाय ते."

आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, निवडणूक जवळ असली तर ज्यांनी मयताला बघितलेलंही नाही ते जास्त बोलतात. त्या दहाव्याला एक अमेरिकन आणि एक इंग्रज आला, तर काय होईल, हा त्यांचा सगळ्यात गाजलेला भाग.

"आज दहाव्याला गेलतो, विंग्लंड. अकरा भाषणं झाली. बारावा मी उठलो. म्हटलं, मयत माझा जिवलग दोस्त व्हता."

"ओळख कधी झाली?"

"तिथंच. फोटोशी."

"काय बोललास?"

"म्हटलं, बाबानं आयुष्यात लई मजा केली, आपण बी करू या. टाळ्या वाजवा. तू काय बोलला?"

"मी बोललो नाही. मी रांगेत उभा होतो."

"कसली रांग?"

"ते मला शेवटी कळलं." इथे सोमनाथ चहाचा एक घोट घ्यायचा. "कावळ्यांची होती."

हे वाक्य त्याने नऊ वर्षांत किमान दोनशे वेळा म्हटलं असेल. लोकांना पाठ होतं. तरी तो कप उचलायचा तेव्हा सगळा हॉल श्वास धरायचा.

नऊ वर्षं असं चाललं. सोसायटीच्या सभा, हळदीकुंकू, शाळांची स्नेहसंमेलनं. मग द्राक्षांच्या विरळणीचे दिवस होते, सोमनाथ सकाळी ओट्यावर चूळ भरायला उभा राहिला आणि खाली बसला तो उठलाच नाही. परालिसिस. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. बावीस दिवसांनी पुण्याच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा काठीने चार पावलं टाकत होता, डाव्या हाताने जेवत होता. समजत सगळं होतं. तोंडातून शब्द एकही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. हे ऐकायला पुण्याला कशाला जावं लागतं, असं गेणू पुढे बरेच दिवस म्हणत असे.

गेणू दिवसाआड महाळुंग्याला जायचा. खाटेजवळ खुर्ची ओढून बोलायचा. टोमॅटोचे भाव, बिबट्या कोणाच्या गोठ्यात आला, दादाभाऊंनी चिटणिसाला कसं झापलं. सोमनाथ भिंतीकडे बघायचा. भिंतीत काही नव्हतं, एक खुंटी होती. गेणूच्या आयुष्यात त्याच्या बोलण्याला उत्तर न देणारी गोष्ट तोपर्यंत फक्त कांदाच होती.

चार महिन्यांनी संघाचा वार्षिक दिन आला. दादाभाऊंचा फोन आला आणि गेणूने नाही म्हणून सांगितलं. सोमनाथला जरा बरं नाही, एवढंच बोलला. 'जरा'च्या पुढे त्याची जीभ गेली नाही. तो हे सांगायला महाळुंग्याला गेला, तर जानकाबाई, म्हणजे सोमनाथची बायको, ओट्यावर कोटाला इस्त्री करत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"दादाभाऊंचा मला बी फोन आलता. मी येत्यात म्हणून सांगितलं."

"त्याला बोलता येत न्हाई, वहिनी."

"मग विंग्लंड कधी लई बोलत व्हतं? तुमीच बोलत व्हता सगळं. हे आपले कप धरून बसायचे."

"लोक काय म्हणतील?"

"तुमच्या तिकडं कुणाला म्हाईत हाय? हे आधीच जाऊन बसतील खुर्चीवर. पडदा उघडायच्या आधी." त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "भाऊजी, चार महिने हा माणूस भिंतीशी बोलतोय. मला त्या भिंतीचा राग येतो आता."

आतून खाट वाजली. दोघांनी बघितलं तर सोमनाथ दारात उभा होता. जानकाबाईंनी टाय पुढे केला. सोमनाथने हनुवटी वर केली.

गेणूला पुढे कोणी कितीही बोललं, तरी त्या हनुवटीला साक्ष ठेवून तो सांगायचा, की सोमनाथला यायचं होतं.

त्या दुपारी पडदा उघडला. गेणूने मनात ठरवलं होतं, सगळं आपणच बोलायचं, सोमनाथला प्रश्न असा विचारायचाच नाही. पण नऊ वर्षांची सवय. दुसऱ्या मिनिटालाच तो बोलून गेला, "काय विंग्लंड, आज आमच्या नारायणगावचं ऊन कसं वाटतंय?"

प्रश्न तोंडातून गेला होता, परत घेता येत नव्हता.

सोमनाथने मान हळूहळू वळवली. गेणूच्या गॉगलपासून चपलेपर्यंत एकदा बघितलं. मग तितक्याच हळू मान परत फिरवली आणि समोर बघू लागला. बस्स. हॉल कोसळला. दादाभाऊंनी कवळी हातात घेतली, पडेल म्हणून. मग सोमनाथने डाव्या हाताने कप उचलला. हात कापत होता. कप बशीवर किणकिणत राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका, आणि गेणूच्या तोंडून आपोआप निघालं, "भूकंप झाला तरी इंग्रज कप सोडीत न्हाई, बघा."

बोलला आणि त्याला स्वतःची जीभ तोडावीशी वाटली. पण सोमनाथ हसला. अर्ध्या तोंडाने, डाव्या बाजूने. आजारानंतरचं ते त्याचं पहिलं हसू.

नंतर दादाभाऊ वर आले. "सोमनाथराव, एवढी ॲक्टिंग ठेवली कुठं होतीत इतकी वर्षं? एक शब्द न बोलता मारलंत राव." सोमनाथने मान झुकवली. गेणूने तोंड उघडलं, सांगावं म्हणून, आणि जानकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने उघडलेल्या तोंडात पेढा टाकला.

अशी ती चूक झाली. कोणी ठरवून केली नाही. आमच्याकडे माणूस गप्प बसला की तो रुसलाय, नाहीतर त्याला बोलावणं पोचलेलं नाही, असं धरून चालतात. त्याला बोलताच येत नसेल हे कोणाच्या मनात येत नाही. त्यातून ते इंग्लंड. लोकांना वाटलं, इंग्लंडला आता कुठे खरा सूर सापडला.

पुढच्या वर्षभरात सतरा कार्यक्रम झाले. सगळे दिवसाउजेडी, कारण सोमनाथला रात्री झेपत नसे. गेणू आता शांततेसाठी लिहू लागला. कुठे प्रश्न विचारून थांबायचं, किती थांबायचं, कुठे सोमनाथच्या एका नजरेवर गोष्ट सोडून द्यायची. आयुष्यात पहिल्यांदा गेणू दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला शिकला. आणि महाळुंग्याच्या त्या घरात माणूस परत आल्यासारखा झाला. कार्यक्रमाच्या दिवशी सोमनाथ पहाटेच उठून बसायचा. दाढी करून घ्यायचा. भाकरी दुसरी मागायचा, म्हणजे ताट पुढे सरकवायचा. त्या खुर्चीवर तो बसला की त्याचं वाकडं तोंड इंग्रजाचं तोंड व्हायचं, कापरा हात इंग्रजाचा हात व्हायचा. जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे तो आजारी नव्हता.

राजरत्न हा सोमनाथचा मुलगा. चाकणला एका कंपनीत सुपरवायझर, बायको-पोरांसह तिकडेच राहायचा. आई त्याला सांगायची, बाबा गेणूकाकांबरोबर फिरायला जातात, तब्येत सुधारतेय. कोणीतरी कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. 'हा म्हातारा बघ, तोंड वाकडं करायची काय ॲक्टिंग करतो.' टेबलावरचे सगळे हसले. राजरत्नने आपल्या बापाला त्या मोबाइलमध्ये बघितलं.

रविवारी सकाळी तो वारूळवाडीला आला. गेणूच्या बायकोने, धोंडाबाईंनी, पाणी आणलं ते घेतलं नाही.

"काका, माझा बाप हसण्याची वस्तू आहे का?"

"आरं, बस तर."

"बसत नाही. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची ताटं वाढली. तो कोट त्यांनी कशासाठी शिवला होता, तुम्हाला माहिती आहे. तोच घालून तुम्ही त्यांना स्टेजवर बसवता आणि त्यांचा हात कापतो त्याला लोक हसतात. माझ्यासमोर हसले, काका. मी त्यांच्याबरोबर डबा खातो रोज."

"लोकांना म्हाईत न्हाई रे. त्यांना वाटतं..."

"तुम्हाला माहिती होतं ना?"

गेणूने राजरत्नने न घेतलेलं पाणी उचललं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

मग दोघं महाळुंग्याला गेले, सोमनाथलाच विचारायला. राजरत्न खाटेवर बापाजवळ बसला. "बाबा, तुम्हाला आवडत नाही ना तिथं जायला? नको ना?" सोमनाथने मान हलवली, हो. गेणू म्हणाला, "सोमनाथ, तुला यायचंय ना? येडगावचं आमंत्रण हाय, अठरा तारखेचं." सोमनाथने मान हलवली, हो. राजरत्नने पुन्हा विचारलं. पुन्हा हो. जानकाबाई म्हणाल्या, "दोघं जण दोन बाजूंनी विचारताय. ह्यांनी काय करावं? लेकाला हो म्हणत्यात, दोस्ताला बी हो म्हणत्यात." सोमनाथने त्यालाही मान हलवली.

आठ दिवस गेणू बाजारात फिरकला नाही. दहाव्यापासून बारशापर्यंत सगळ्यावर विनोद केलेला माणूस. या एका गोष्टीत विनोद कुठे आहे ते त्याला सापडेना, आणि आपण वर्षभर काय केलं हे मात्र लख्ख दिसायला लागलं. शेवटी धोंडाबाई म्हणाल्या, "खरं काय ते एकदा सांगून टाका लोकांना. मोकळं व्हाल."

मोकळं कोण होणार, हा प्रश्न तेव्हा त्या घरात कोणी विचारला नाही.

येडगावला धरणाच्या अंगाला शाळेचं पटांगण आहे. दुपारी चारला मांडव भरला होता. भागूबाई भाजीची पाटी रिकामी करून दुसऱ्या रांगेत येऊन बसली होती. गेणूने निरोप दिला होता म्हणून राजरत्नही आला होता, तो मागे, खांबाला टेकून उभा होता. विषय होता, आजाऱ्याला भेटायला जाणे.

"आमी अमेरिकन," गेणू सांगत होता, "आजाऱ्याला भेटायला गेलो की फुगे नेतो. त्याला म्हणतो, तू झकास दिसतोयस. त्याला सलाइन लावलेली असती. तरी झकास. अन् विंग्लंडचे तुमी? तुमी काय म्हणता आजाऱ्याला?"

सोमनाथने त्याच्याकडे बघितलं. मग बशीकडे. मग मांडवाकडे, असं की जणू सगळा मांडवच आजारी आहे आणि ते त्याला सांगणं बरं दिसणार नाही. लोक हसून हसून वाकले. भागूबाईने पदर तोंडात धरला. सोमनाथची डावी बाजू हसत होती. गेणूने मागे बघितलं, तर खांबाजवळचा राजरत्न जमिनीकडे बघत होता.

गेणूने गॉगल काढला. पाय टेबलावरून खाली घेतले.

"मंडळी," तो म्हणाला, "जरा थांबा. मला एक सांगायचंय. हा सोमनाथ ॲक्टिंग करीत न्हाई. त्याला परालिसिस झालाय. दीड वरीस झालं, त्याची वाचा गेलीय. त्याला बोलता येत न्हाई. मी तुमाला सांगितलं न्हाई. चूक माझी हाय."

लोकांना आधी वाटलं, हाही कार्यक्रमच. दोघं-चौघं हसले. मग एक एक करून थांबले. गेणू रडत होता, आणि त्याला रडायची ॲक्टिंग येत नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

त्यानंतर जे झालं त्यात वाईट मनाचं कोणीच नव्हतं. हेच अवघड आहे. मांडव उठून उभा राहिला, टाळ्या वाजल्या. सरपंचांनी शाल आणि नारळ मागवला. बायका स्टेजवर चढल्या. भागूबाईने सोमनाथच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि रडत म्हणाली, "अगं बाई, मी हसले की ओ ह्यांना. फिदीफिदी हसले." कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला, कोणी नगरकडच्या तेलवाल्याचा फोन नंबर दिला. एकाने जानकाबाईंना विचारलं, "ह्यांना समजतं का काही?" आणि हे विचारताना त्याने आवाज मोठा केला, सोमनाथला नीट ऐकू जावं म्हणून. कोणीतरी कप त्याच्या हातातून काढून घेतला, सांडेल म्हणून. दुसऱ्या कोणी त्याच्या कोटाचं बटण सोडलं, उकडत असेल म्हणून.

सोमनाथ हे सगळं होऊ देत होता. त्याने एकदा गेणूकडे बघितलं. राग म्हणावा तर तसं नव्हतं, असं गेणू सांगतो. बंगल्याला कुलूप लागलं त्या दिवशी पायरीवरून उठताना बघितलं होतं, तसं काहीतरी. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि महाळुंग्याला घरी नेईपर्यंत उघडले नाहीत.

घरी गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. ट्रॅक्सचा आवाज ओळखायचा तो. आवाज आला की कूस बदलायचा. गेणू तरी जात राहिला, दिवसाआड, पूर्वीसारखा. खुर्ची ओढून बसायचा. पहिले काही दिवस बोलला. नंतर त्याला आपलंच बोलणं कार्यक्रमातलं वाटू लागलं, म्हणून गप्प बसू लागला. जानकाबाई चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, तुमी तरी बोला." तो म्हणायचा, "हं."

भाकरी पुन्हा एकीवर आली, मग अर्धी. दाढी वाढली. आमंत्रणं बंद झाली होतीच. उलट लोक भेटायला यायचे, मोसंबी घेऊन, आणि खाटेशी बसून मोठ्यांदा सावकाश बोलायचे, लहान मुलांशी बोलतात तसं. येडगावच्या सरपंचांनी व्हीलचेअर पाठवली. ती ओसरीत आहे. तिच्यावर कोणी बसत नाही, धुतलेले कपडे घड्या करून ठेवतात.

परवा श्रावणातल्या एका रविवारी राजरत्न आला होता. त्याने बापाला उठवून बसवलं, घास भरवायला बघितलं, तोंड उघडेना. त्याने ताटली खाली ठेवली. गेणू खुर्चीवर होताच. राजरत्न त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "काका, मी चाकणला दोघा-तिघांशी बोललोय. आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला कार्यक्रम असतो. दुपारी. तुमचं ते इंग्लंड-अमेरिका ठेवू या का?"

गेणूने त्याच्याकडे बघितलं.

"मी स्वतः घेऊन येईन त्यांना," राजरत्न म्हणाला. "मी बसेन पुढं. मी हसेन, काका."

"तू हसशील रे," गेणू म्हणाला. "लोक न्हाई हसायचे. सगळीकडं व्हिडिओ गेलाय येडगावचा. आता त्यांना म्हाईत झालंय. हात कापला की आता कुणाला हसू यायचं न्हाई, बाबा. पाणी येईल डोळ्यात. ते काय करायचंय त्याला."

राजरत्नने मान खाली घातली. जानकाबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

हे सगळं सोमनाथसमोरच बोलून झालं होतं, हे गेणूच्या ध्यानात आलं ते ट्रॅक्समध्ये येऊन बसल्यावर. तो परत आत जायला उतरला. अंगणात थोडा वेळ उभा राहिला. आतून खाट वाजली, भिंतीकडे कूस बदलल्यासारखी.